नाव घेतल्याशिवाय

चेहऱ्याच्या जागी पाडलेल्या भोकातून एक मुलगी जीभ काढून बघत होती. डेल्फीनाला आधी दिसली ती जीभ, रंगीत बर्फाने निळी झालेली. मग भोकाखाली गळ्याला बांधलेला रुमाल, त्याखाली बिनबाह्यांचं जाकीट, आणि जाकिटाच्या बगलेत वेगळ्या कापडाची एक अरुंद पट्टी. पट्टी दिसली आणि ती चालता चालता थांबली. डोळ्यांच्या डॉक्टरने घातलेल्या थेंबांनी तिच्या बाहुल्या अजून विस्फारलेल्या होत्या. बाहेर ट्युसॉनचं मे महिन्यातलं ऊन सुया टोचत होतं, म्हणून तर नोएमीने तिला हाताला धरून या थिएटरच्या सावलीत आणलं होतं. नोएमी तिच्या भावाची मुलगी, मोठ्या आवाजाची आणि मऊ मनाची. "इथं गारव्यात जरा टेक, तिया," असं आत्याला म्हणून ती पाणी आणायला गेली होती. त्या थेंबांचा गुण असा, की जवळचं सगळं विरघळून जातं आणि लांबचं मात्र स्वच्छ दिसतं. दालनाच्या दुसऱ्या टोकाला, लोकांनी फोटो काढून घ्यावेत म्हणून, माणसाच्या उंचीचा लाकडी फळा उभा होता, त्यावर जुन्या सिनेमातलं एक दृश्य मोठं करून छापलेलं. फळ्यावर डावीकडे शेरीफ, छातीवर तारा, हातात पिस्तूल, निळे डोळे, सगळा जसाच्या तसा. उजवीकडे एक दरोडेखोर, हात अंगापासून किंचित सुटलेले, पाय जमिनीत रोवलेले. त्याला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी गोल भोक, आणि भोकात ती जीभ. मुलीच्या आईने फोन वर धरला. "नीट मर की गं," आई म्हणाली. "डोळे फिरव." मुलीने डोळे फिरवले. रांगेतले लोक हसले. डेल्फीना मनातल्या मनात म्हणाली, अपा.

ती पट्टी तिच्या आईने लावली होती. सिनेमावाल्यांनी अपाला दिलेलं जाकीट छातीत आवळायचं. घोड्यावर हात उचलला की टाके तडतडायचे. अमाने बगल उसवली, पिठाच्या रिकाम्या पोत्याची पट्टी कॉफीच्या पाण्यात उकळून तपकिरी केली आणि आत घातली. रंग काही जुळला नाही. "लांबून कोण बघतंय," अपा म्हणाला होता. डेल्फीनाच सुईत दोरा ओवून देत होती, कारण अमाची नजर बारीक कामाला पुरत नसे. लांबून कोण बघतंय. इतक्या वर्षांनी ती लांबूनच बघत होती, आणि पट्टी वेगळ्या रंगाची दिसत होती. अपा म्हणजे तिचा बाप, कासिमिरो ब्राकामोन्ते, गुरांच्या कुरणांवर घोडे फिरवणारा, रानटी घोड्याला आठवड्यात माणसाळवणारा. सिनेमावाले आले, त्यांनी गावाबाहेरच्या टेकड्यांत नुसत्या दर्शनी भिंतींचं एक गाव उभारलं, आणि घोड्यावर बसता येणाऱ्या आसपासच्या सगळ्या पुरुषांना कामाला घेतलं. माणसं थोडी आणि पाठलाग फार, म्हणून तेच लोक सकाळी शेरीफच्या टोळीत असायचे आणि दुपारी दरोडेखोरांच्या. टोपी बदलायची, रुमाल नाकावर ओढायचा, आणि सकाळी आपणच उडवलेल्या धुळीतून आपल्यापासूनच पळत सुटायचं. संध्याकाळी अपा अंगणातल्या नळाखाली डोकं धरायचा तेव्हा मातीचा लाल ओघळ वाहायचा, आणि अमा दारातून विचारायची, "आज कोण जिंकलं?" "मीच," तो म्हणायचा, "आणि हरलोही मीच." "मग जेवायला एकालाच वाढते." तो हसायचा. त्याचं हसणं नाकातून यायचं, घोड्यासारखं. ते आता कुठेच राहिलं नव्हतं. घरी फोटो होते त्याचे, केस चापून बसवलेले, खुर्चीत ताठ बसलेले, लग्नाचे आणि बारशांचे. पण हलणारा अपा, श्वास घेणारा अपा, त्या सिनेमातल्या चार-दोन क्षणांखेरीज जगात कुठे नव्हता. आणि तोच त्यांनी करवतीने कापला होता.

ती फळ्याकडे चालू लागली. जवळ जावं तसा तो पसरत, विरघळत चालला. शेरीफचं नाक गेलं, तारा गेला, मग पट्टीही गेली. हातभर अंतरावर नुसते रंगांचे ढग उरले. तिने हात पुढे करून बगलेपाशी बोटं फिरवली. टाके लागतील असं बोटांना वाटलं होतं. गुळगुळीत लाकूड लागलं. भोकाच्या कडेला मात्र खरखर होती, पॉलिश पेपरही न मारलेली, आणि एक बारीक कुसळ तिच्या बोटात शिरलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची बोटातून निघाली. एवढं तरी करायचं होतं. कापायचंच होतं तर कड तरी नीट घासायची होती.

"मॅडम, रांग तिकडून आहे," कुणीतरी गोड आवाजात म्हणालं. आवाजाला उंच, पांढुरकं अंग होतं आणि अंगावर खोटा तारा. "मी केन्डल. तुम्हालाही मरायचंय का?"

मरायचंय का, असं तिला एकदा विचारून झालं होतं, याच दालनात. तेव्हा इथे लाल गालिचा होता आणि मक्याच्या लाह्यांबरोबर ओल्या सिमेंटचा वास यायचा. ती शाळकरी होती, अपाचं बोट सोडून जिन्याच्या कठड्यावरून घसरायला निघाली होती, आणि दारावरचा माणूस ओरडला होता, मरायचंय का. जिना वर जायचा तो त्यांच्यासाठी, स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन माणसांसाठी. खाली बसायचं नाही, वर बसायचं. कुठे पाटी नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होतं, जसं कुठल्या विहिरीचं पाणी खारं आहे हे ठाऊक असतं. त्या दिवशी वरचा सगळा सज्जा त्यांच्याच माणसांनी भरला होता. टोळीतले आणि दरोडेखोर शेजारी शेजारी बसलेले, बायकांनी रुमालात बांधून आणलेल्या तिळाच्या मिठाया वाटत. फक्त ताता इलारियो आला नव्हता. ताता इलारियो, अपाचा बाप, घरी खुर्चीत बसून राहिला. "मला काय बघायचंय," तो म्हणाला होता, "मी तिथं होतो."

तो तिथं होताच. तो सिनेमा त्याचाच होता. सान्ता रुफिना नावाच्या खाणीच्या गावात, तिथे रेल्वेही पोचली नव्हती तेव्हा, ताता इलारियो शेरीफचा शिपाई होता. आणि शेरीफ आजारी पडला, तेव्हा खाणीची तिजोरी फोडणाऱ्या तिघांच्या मागावर तो एकटा डोंगरात गेला होता. सिनेमा लिहिणारा एक मनुष्य त्यांच्या अंगणात येऊन बसला तेव्हा डेल्फीनाने त्याला कॉफी नेऊन दिली होती. त्याची टोपी कोरी होती आणि तो ती गुडघ्यावर ठेवून तिच्यावर बोटं वाजवत होता. ताताला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, म्हणून तो बोलताना माणसाच्या कानाकडे तोंड करायचा. अपा मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होता. "त्यांना विचार," लिहिणारा म्हणाला, "पहिली गोळी कुणी झाडली?" ताता म्हणाला, "कुणीच नाही. मी नाव घेतलं." "म्हणजे?" "म्हणजे नाव. रामोन सोतेलो, पेत्राच्या मुला. असं. मोठ्याने. नाव घेतल्याशिवाय माणसावर बंदूक रोखायची नाही." लिहिणाऱ्याने विचारलं, अशाने शत्रू सावध नाही का होत. ताताला हा प्रश्न इतका बावळट वाटला की तो अपाला म्हणाला, "याला अजून कॉफी पाज." मग जरा वेळाने, स्वतःशीच सांगावं तसं म्हणाला, "आईचं नाव कानावर पडलं की माणूस एक श्वास थांबतो. कितीही वाईट असो. तेवढ्या श्वासात तो बंदूक खाली ठेवू शकतो. तेवढा द्यायचा. नाही दिला, तर त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय, तुझ्या छातीवर पत्रा आहे एवढाच." रामोन सोतेलोने बंदूक खाली ठेवली होती. पुढे तुरुंगातून सुटल्यावर तो ताताच्या थोरल्या मुलीच्या लग्नात येऊन नाचला होता.

त्यांच्या घरात ते मुलांच्या खेळातही उतरलं होतं. डोळे बांधून खेळायचं तेव्हा नुसतं धरलं तर तो बाद नाही. धरण्याआधी नाव आणि आईचं नाव घ्यायचं. डेल्फीना, रेमेदियोसच्या मुली. मग धरायचं. शेजारची मुलं त्यांच्याशी खेळायला वैतागायची. "तुमचा खेळ फार लांबतो," म्हणायची.

सिनेमात ताताचा शेरीफ झाला, आणि त्याचे डोळे निळे झाले. त्याचं नावही दुसरंच झालं, ज्यात एकही अक्षर ताताचं नव्हतं. याचं अपाला फारसं वाटलं नाही, निदान त्याने तसं दाखवलं नाही. निळे डोळे पडद्यावर बरे दिसतात, म्हणाला. नाव घ्यायची रीत मात्र त्यांनी ठेवली होती. तेवढी त्यांना आवडली होती. शेवटच्या प्रसंगात तो देखणा नट रस्त्याच्या मधोमध येऊन मुख्य दरोडेखोराला नावाने हाक मारतो, आणि सगळं थिएटर श्वास रोखून धरतं. पण ते फक्त मुख्याला. बाकीच्यांना नावं लिहिलेलीच नव्हती. आणि त्या बाकीच्यांत, तबेल्याच्या दाराशी, अपा उभा होता. ताता इलारियोचा मुलगा, ताताने ज्याला शिकवलं तो, ताताचाच वेष घेतलेल्या माणसाच्या गोळीची वाट बघत.

तो प्रसंग चित्रित झाला त्या दिवशी अपा नळाकडे गेला नाही. तसाच धुळीसकट स्वयंपाकघरात येऊन बसला. अमा तव्यावर रोटी टाकत होती, ती न वळताच म्हणाली, "मेलास का नीट?" "उशिरा मेलो," तो म्हणाला. त्याने सगळं सांगितलं ते जमिनीकडे बघत. नटाने पिस्तूल त्याच्याकडे वळवलं. धूर निघाला. त्याने तेव्हाच कोसळायचं होतं, छाती धरून, डाव्या अंगावर, तसं चार वेळा करूनही झालं होतं. पण खरोखरचं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा तो उभाच राहिला. हनुवटी वर करून उभा राहिला. एक श्वास. मग त्याला आठवलं आणि तो पडला. दिग्दर्शक खूप ओरडला, पण ऊन उतरलं होतं, तेच ठेवलं. "झालं काय होतं तुला?" अमाने विचारलं. अपा म्हणाला, "मला वाटलं, तो नाव घेईल." रोटी करपली. कोपऱ्यातल्या खुर्चीतून ताता इलारियो म्हणाला, "घ्यायला हवं होतं."

आणि मग या थिएटरात, वरच्या सज्ज्यात, तिने तो श्वास पाहिला. एवढा मोठा. अपाची हनुवटी सावकाश वर आली, डोळे किंचित बारीक झाले, कान देऊन ऐकताना व्हायचे तसे. तिला वाटलं आता सगळं थिएटर ऐकेल. खालून पहिलं हसू आलं. "पड की बाबा," कुणी ओरडलं, "मेलास तू." मग खालचं सगळं थिएटर हसलं. आणि मग, हे तिला कधी विसरता आलं नाही, शेजारी बसलेला अपाही हसला. नाकातून नव्हे. तोंडाने, हं हं असा, पाहुण्यांच्या विनोदाला हसतात तसा. त्याचा हात तिच्या गुडघ्यावर होता आणि तो गार पडला होता.

ते हसू मग आयुष्यभर तिच्या मागे लागलं. सिनेमा अभिजात झाला. दर नाताळात टीव्हीवर यायचा, धुलाईच्या दुकानात, केस कापायच्या दुकानात, एकदा तर दवाखान्यात, अपा आत शेवटच्या आजारात असताना, बाहेरच्या भिंतीवर तो तबेल्याच्या दाराशी उभा राहिला आणि बाकावरचे लोक हसले. त्याला नावही पडलं होतं, मरायला विसरलेला माणूस. जाणकार लोक त्यावर बोलत, कुणी म्हणे ढिसाळ दिग्दर्शन, कुणी म्हणे मुद्दाम साधलेला विनोद. नोएमी लहान असताना तीही हसली होती, सोफ्यावर उड्या मारत, तो आपला आजोबा आहे हे माहीत असून हसली होती, आणि डेल्फीनाने काही न बोलता उठून टीव्ही बंद केला होता. ती नेहमी तेच करायची. उठायची आणि बंद करायची. सांगायची नाही. सांगितलं असतं तर समजावून द्यावं लागलं असतं, आणि जे समजावून द्यावं लागतं ते लोकांच्या हातात जातं, मग ते त्याला उलटंपालटं करून बघतात आणि परत देतात तेव्हा त्यावर त्यांच्या बोटांचे ठसे असतात. ताताने त्या कोऱ्या टोपीवाल्याला समजावून दिलंच होतं की.

"मॅडम?" केन्डल म्हणाला.

"याचा चेहरा कुठे आहे?"

"कुणाचा?"

"याचा. कापलेला."

केन्डल हसला, वाईटपणे नव्हे. "तो कापावाच लागतो हो. नाहीतर तुम्ही डोकं कुठून घालणार?"

"मग त्याचा का नाही कापला?" तिने शेरीफकडे, म्हणजे तो असेल त्या निळसर ढगाकडे बोट केलं.

"त्यांचा? त्यांचा कसा कापणार. लोक त्यांच्यासाठीच येतात. त्यांच्या हातून मरायला मजा येते लोकांना. हा काय, असाच कुणीतरी आहे."

"असाच कुणीतरी."

"म्हणजे तसं नाही, हा पण फेमस आहे. मरायला विसरलेला माणूस. तुम्ही बघितलाय ना सिनेमा? सगळे मरतात आणि हा आपला उभाच."

"तो विसरला नव्हता."

"बरं," केन्डल म्हणाला, म्हाताऱ्यांना म्हणतात तसं.

"तो तुकडा कुठे आहे, मी विचारलं."

"गोल तुकडा? कचऱ्यात गेला असेल हो. महिना झाला."

कचऱ्यात. तिने तो शब्द दाताखाली धरून पाहिला. बर्फाच्या कागदी पेल्यांबरोबर, लाह्यांच्या तळाशी उरलेल्या टणक दाण्यांबरोबर, हनुवटी वर केलेला, ऐकत असलेला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आला तो नुसता संताप, कोरडा, लाकडी, बोटातल्या कुसळासारखा नेमक्या जागी. निळ्या जिभेच्या मुलीवर तो नव्हता. केन्डलवरही पुरता नव्हता, त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. तो होता त्या सावकाशीवर, त्या ऐसपैस खात्रीवर, की ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही त्याला नावच नसतं. गोष्ट घेतली, रीत घेतली, घोड्यावरची मांड घेतली, पडणं घेतलं. चेहरा तेवढा राहिला होता, तोही जागा हवी म्हणून काढून टाकला. आणि आता रांग लावून एकेक जण त्या जागेत डोकं घालत होता.

"काय झालं, तिया?" नोएमी पाण्याची बाटली घेऊन आली होती. "तुझा आवाज पार दारापर्यंत येतोय."

"हा तुझा आजोबा आहे."

नोएमीने फळ्याकडे बघितलं. तिला कळायला वेळ लागला, कारण बघायला चेहरा नव्हता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ताता कासिमिरो." आणि लगेच, नेहमीसारखं, "चल, जाऊ या. या पोराला काय माहीत असणार. कशाला जिवाला लावून घेतेस. डोळ्यांना त्रास होईल."

डेल्फीना चालू लागली. नोएमीला वाटलं दाराकडे. पण ती फळ्याला वळसा घालून मागे गेली. मागे रंग नव्हता. कोरं लाकूड, दोन टेकू, आणि भोकातून येणारा उजेडाचा गोळा. बुटक्यांसाठी एक लाकडी पायरी ठेवली होती, तीवर ती चढली. अपाएवढी उंच व्हायला तिला पायरी लागली. तिने चेहरा भोकात घातला. खरखरीत कड दोन्ही गालांना लागली, न्हाव्याकडून आलेल्या अपाच्या गालासारखी नव्हे, आठवडाभर रानात राहून आलेल्या गालासारखी.

"अरे वा," केन्डल म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं. "काढतो हं, आजी. जरा तोंड वासा. गोळी लागलीय तुम्हाला."

तिने तोंड वासलं नाही. दालन इथून स्वच्छ दिसत होतं, कारण ते लांब होतं. रांगेतली माणसं, त्यांच्या खोट्या टोप्या, निळ्या जिभेची मुलगी आईच्या हाताला लोंबकळत. वर जाणारा जिना. अपाला त्यावरूनच वर जावं लागलं होतं. तिच्या गळ्याखाली त्याचा रुमाल होता, त्याचे सुटे हात होते, अमाची पट्टी होती. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं आणि सगळं अंगावर असल्यासारखं वाटत होतं. तिने हनुवटी वर केली. ती तिने केली नाही, ती झाली.

रांगेत कुणीतरी हसायला सुरुवात करून थांबलं.

"काढू?" केन्डलने विचारलं.

"आधी नाव घे."

"काय?"

"नाव घेतल्याशिवाय रोखायचं नाही. ठेव तो फोन खाली. आधी नाव घे."

"तुमचं? तुमचं नाव काय, आजी?"

"माझं नाही. याचं."

केन्डलने फोन खाली केला. त्याने फळ्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून पाहिली, तिथे नटाचं नाव होतं, थिएटरचं होतं, बर्फ विकणाऱ्यांचं होतं. तो कानामागे खाजवू लागला. "आजी, मागे लोक थांबलेत," तो म्हणाला.

"थांबू देत. तोही थांबला होता."

ती उभी राहिली. गाल दुखू लागले. पायरी जरा डुगडुगत होती. कुणाला वाटलं हा सिनेमाचाच भाग आहे, कुणी फोन काढले आणि पुन्हा खिशात घातले. नोएमी हातातली बाटली तशीच धरून बघत होती, आणि भोकातून डेल्फीनाला भाचीचा चेहरा इतका स्पष्ट दिसत होता की त्यावरून काहीतरी सरकत गेलेलं तिला दिसलं. आधी लाज, मग आठवण, अंगणातली, डोळ्यांवर बांधलेल्या फडक्याची, आणि म्हाताऱ्या कासिमिरोचे हात हवेत चाचपडत असलेले, धरायच्या आधी थांबलेले. नोएमीने बाटली जमिनीवर ठेवली. ती रांगेच्या पुढे आली, केन्डल उभा होता तिथे, शेरीफ उभा राहतो तेवढ्या अंतरावर, आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात, जो आज पहिल्यांदाच घरातल्या कुणाला नको वाटला नाही, ती म्हणाली,

"कासिमिरो ब्राकामोन्ते. सोलेदादच्या मुला."

वरच्या सज्ज्यापर्यंत ते नाव गेलं असावं, कारण तिथून त्याचा थोडासा भाग परत आला.

डेल्फीनाने एक श्वास घेतला. द्यायचा असतो तेवढाच. मग ती केन्डलला म्हणाली, "आता काढ."